संदेशवहनाचा इतिहास व माहितीपट

संदेशवहनाचा इतिहास शिकवितांना बहुधा संशोधकांचीं नांवें व सनावळी यांवरच भर दिला जातो. मोर्सचें तारयंत्र, बेलचा टेलिफोन, मार्कोनीची बिनतारी तार, एवढें विद्यार्थी पाठ करितो व परीक्षेनंतर विसरतो. यासाठीं वर्गांत माहितीपट दाखवावे हें योग्यच. परंतु ते निवडावे कसे? आमच्या मतें, ज्यांत यंत्राची केवळ स्तुति नसून तें चालविणारे हात दिसतात, तेच माहितीपट निवडावे.

चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, असें ज्या पालकांस वाटत असेल त्यांनीं पुढील दोन उदाहरणें पाहावीं. दोन्ही चित्रपट एका तासिकेंत मावण्याजोगे आहेत.

पहिला 'नाइट मेल'. ब्रिटिश टपालखात्याच्या चित्रपट-विभागानें तो १९३६ सालीं काढिला. लंडनहून स्कॉटलंडकडे रात्रीं धांवणारी टपालगाडी हा त्याचा विषय. रुळांच्या कडेस टांगलेली पत्रांची थैली धांवत्या गाडीचें जाळें कसें टिपून घेतें, डब्यांतील नोकर उभ्याउभ्या पत्रें खणांत कशीं लावितात, हें पाहिल्यावर पत्रामागें रात्रभर जागणारीं माणसें असत हें निराळें सांगावें लागत नाहीं. मात्र पत्रें लावण्याचे देखावे स्टुडिओंत उभारलेल्या डब्यांत घेतलेले आहेत. गाडी हालत असल्याचा भास व्हावा म्हणून नोकरांस मुद्दाम डुलावयास लाविलें होतें. माणसें खरीं, काम खरें, डबा मात्र कृत्रिम! ही गोष्ट शिक्षकांनीं अवश्य सांगावी. माहितीपट हा पुरावा आहे, आणि पुरावा तपासून घ्यावयाचा असतो. शिवाय खात्यानेंच काढिलेला चित्रपट खात्याचे दोष दाखवील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

दुसरा 'फेअरवेल, एटॅओइन श्रड्लू'. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावरील पहिल्या दोन उभ्या रांगांतील अक्षरांवरून हें चमत्कारिक नांव आलें. त्या यंत्राची कळ दाबतांच अक्षराचा पितळी साचा खालीं उतरतो, आणि वितळलेलें शिसें ओतलें जाऊन अख्खी ओळ तयार होते. २ जुलै १९७८ चा 'न्यूयॉर्क टाइम्स' या रीतीनें जुळविलेला शेवटचा अंक. त्या रात्रीचें काम या चित्रपटांत टिपलें आहे; पुढें संगणकावर चालणारी नवी जुळणीही दाखविली आहे. नव्या रीतीचा वेग डोळ्यांस दिसतो, आणि वर्षानुवर्षें कमाविलेलें कसब एका रात्रींत निरुपयोगी झालेले कामगारही दिसतात. सुधारणेची किंमत कोणीं दिली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांतील सनावळींतून उद्भवत नाहीं. तो येथें उद्भवतो.

हाच प्रश्न आपल्या घरींही विचारण्याजोगा आहे. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. यंत्राच्या कट्ट-कडकट्ट आवाजावरून संदेश उतरून घेणारे तारमास्तर व हातानें खिळे जुळविणारे कारागीर आतां वृद्ध झाले आहेत. विद्यार्थीमित्रहो, असा चित्रपट पाहिल्यावर आपल्या आजोबांस किंवा शेजारच्या वृद्ध गृहस्थांस त्यांच्या कामाविषयीं विचारा, आणि ऐकलेलें लिहून ठेवा. पालकांनींही या उद्योगास वेळ मोडणें समजूं नये. परदेशांतील कामगारांची हकीकत पडद्यावर सुरक्षित आहे. आपल्या माणसांची हकीकत अद्याप त्यांच्या स्मरणांतच आहे.