चिलापीची बदनामी

मासे खाणाऱ्या मराठी माणसांत एक जुना तंटा आहे. समुद्राकाठचा माणूस गोड्या पाण्यातल्या माशाला मासा मानायलाच तयार नसतो. पापलेट, सुरमई, बांगडा ही नावं घेताना त्याचा चेहरा उजळतो आणि रोहू, कटला किंवा चिलापी म्हटलं, की तो नाक मुरडून म्हणतो, "चिखलाचा वास येतो हो त्याला!" आम्ही देशावरची माणसं हे निमूट ऐकून घेतो. कारण वास येतो, हे खरं आहे. पण तो कशामुळे येतो आणि ताटापर्यंत कुणाच्या कृपेने पोचतो, याची चौकशी न करताच निकाल दिला जातो. माझ्या मते आरोपी मासा नाही. तो घाईघाईने साफ करणारे आणि साफ करून घेणारे आपण आहोत.

त्या वासाच्या द्रव्याला शास्त्रज्ञ जिओस्मिन म्हणतात. तळ्याधरणांतलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात आणि माशाच्या कातडीत, पोटाच्या चरबीत ते साठून राहतं. गंमत अशी, की पहिल्या पावसानंतर मातीला जो गंध सुटतो त्यातही हेच द्रव्य असतं. म्हणजे वळवाची सर आली की जो वास आपण खिडकी उघडून छातीभर घेतो, कवी ज्याच्यावर वह्या भरतात, तोच माशाला आला की आपण ताट सरकवतो! हे द्रव्य आंबटापुढे टिकत नाही. माशाला चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळायची रीत उगाच पडलेली नाही.

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीत माझी बदली इंदापूर तालुक्यात झाली. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पुरं झालेलं, त्यामुळे शेतं गेली आणि पाणी आलं. त्या पाण्यावर भोई कुटुंबं होडी-जाळ्यासाठी कर्ज मागायला आमच्या शाखेत येत. तपासणीच्या निमित्ताने भिगवणच्या काठावर जायचा योग येई. तिथे एक बाई मासे साफ करत बसलेल्या असत. मी एकदा वासाचा विषय काढला, तेव्हा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सायेब, पोटातलं काळं तसंच ऱ्हायलं तर वास येणारच की. त्यात माशाचा काय दोष?" इतकं नेमकं उत्तर मला नंतर कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही.

आज भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतात. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो झपाट्याने वाढतो आणि देशी माशांची जागा बळकावतो, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर मला सुचणारा उपाय एकच, तो म्हणजे खाणे.

दुकानातला माणूस अर्ध्या मिनिटात मासा साफ करून पिशवीत टाकतो. मागे गिऱ्हाईक उभं असतं, त्यालाही दोष देता येत नाही. पण घरी आणलेला तो मासा उघडून पाहा. कल्ल्यांचे तुकडे राहिलेले, शेपटीजवळ खवले, कण्याला चिकटलेलं रक्त आणि पोटाच्या आत ते काळं पातळ अस्तर जसंच्या तसं. शिवाय कल्ले लाल होते का, डोळे टपोरे होते का, बोटाने दाबलेलं मांस परत वर येत होतं का, हेही बघायचं राहून गेलेलं असतं. मासा अख्खा घ्यावा, घरी आणावा आणि स्वतः साफ करावा.

चिलापीच्या पाठीवरचे काटे बोटात शिरतात, म्हणून आधी कात्रीने पर कापावेत. मग शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या पाठीने किंवा चमच्याने खवले खरवडावेत. पाण्याने भरलेल्या परातीत हे केलं तर खवले भिंतीवर उडत नाहीत. पोटाची चीर उथळ हवी. आत काळजाशी हिरवट पित्ताची पिशवी असते; ती फुटली तर सगळा मासा कडू होतो. (काही ठिकाणी रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळतात. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा हा उद्योग कुणी करू नये.) कल्ले मुळापासून उपटावेत. काळं अस्तर खड्या मिठाने चोळून काढावं, कण्यावरचं रक्त नखाने खरवडावं. मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून पाव तास ठेवावं, धुवावं आणि कोरड्या फडक्याने पुसावं. बहुतेक घरांत हे पुसणंच राहून जातं. ओला मासा तव्याला चिकटतो आणि मग बिचाऱ्या तव्याला नावं ठेवली जातात.

दोन्ही अंगांना हाडापर्यंत तीन-चार तिरक्या चिरा द्याव्यात. रोहूच्या मांसात दुबेळक्याचे बारीक काटे असतात, त्याला चिरा अगदी जवळजवळ हव्यात. तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात. चिलापीत ही भानगड नाही, त्यामुळे मुलांना ती सुखाने देता येते. लसूण, तिखट, मीठ चिरांत भरून वरून तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ लावावं. लोखंडी तवा, तेल चांगलं तापलेलं, नंतर आच मध्यम. एक बाजू सहा-सात मिनिटं हलवायची नाही. कातडी खरपूस झाली की मासा आपणहून तवा सोडतो.

आता थोडं अप्रिय. आमच्या पिढीतल्या पुरुषांनी मासा निवडायची ऐट केली, खाताना चवीवर भाष्यं केली आणि मधलं सगळं काम मोरीपाशी उकिडव्या बसलेल्या बाईकडे सोपवलं. हाताचा वास साबणाने जात नाही म्हणून दिवसभर लिंबू चोळणारी तीच. पुढच्या पिढीतल्या लेकी-सुनांनी हे नाकारलं, यात त्यांचं काय चुकलं? दुकानातून साफ करून आणायची पद्धत त्यातून रुजली. ती बदलायची तर सुनेला उपदेश करून भागणार नाही. रविवारी सकाळी सुरी घरातल्या पुरुषाने हातात घ्यावी. निवृत्तीनंतर आमच्या घरी हे खातं माझ्याकडे आहे. अर्धा किलोच्या दोन माशांना मला पाऊण तास लागतो, आणि नात शेजारी बसून पित्ताची पिशवी कुठली ते ओळखते.

खवले आणि आतडी मी कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरतो, खत उत्तम होतं. खड्डा मात्र हातभर खोल हवा, नाहीतर रात्रीतून मांजरं उकरतात.