फरशी, फडके आणि गुडघे

यंदाच्या अंकासाठी फरशी पुसण्याच्या फडक्यावर लिहिणार आहे, असे सांगताच मैत्रिणी मनसोक्त हसल्या. देशापुढे प्रश्नांचा काय तुटवडा पडला आहे, की हिला पोछ्याची काळजी लागावी! परंतु ज्या कामावाचून एकाही घराची सकाळ पुरी होत नाही, त्या कामाचा विचार मात्र कोणीच करू नये, हे काही मला पटत नाही. म्हणून वाचकांच्या हसण्याचा धोका पत्करून हा लेखनप्रपंच.

विषय सुचला तो उज्जैनला. सुट्टीत मी आत्याकडे गेले होते. तिचे घर भैरवगढ़ला आहे. शिप्रेकाठची ही जुनी वस्ती कालभैरवाच्या देवळासाठी आणि बाटिकच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. आत्याचे घर तीन पिढ्यांत वाढत गेले, त्यामुळे एकाच घरात चार तऱ्हेच्या जमिनी झाल्या आहेत. मागच्या अंगणात तुळशीभोवती शेणाने सारवलेली जमीन, ओसरीवर जुनी खडबडीत दगडी फरशी, माजघरात आणि स्वयंपाकघरात हिरवट कोटा, आणि माडीवरच्या नव्या खोलीत आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स.

या चारही जमिनींसाठी माझ्या आतेभावाने बाजारातून एकच पोछा आणला. फिरत्या जाळीची बादली, मऊ धाग्यांचा झुपका, चकाकता दांडा. कामाला येणाऱ्या बाईंचा त्रास वाचावा, हा त्याचा हेतू चांगलाच होता. आठवड्यातच ओसरीच्या खडबडीत दगडांत अडकून झुपक्याचे धागे तुटू लागले. माडीवर पाण्याचे ओघळ वाळून पांढरे पट्टे दिसू लागले. अंगणाचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी बाईंनी तो पोछा कोपऱ्यात उभा केला आणि पुन्हा फडके घेऊन त्या जमिनीवर बसल्या. आतेभाऊ वैतागला. “यांना नवीन काही नकोच असतं!” असे म्हणून तो मोकळा झाला. मी बाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, “दीदी, डंडा छोटा है, कमर टूटती है. और ये हर फर्श पे चलता भी नहीं.”

वाचकहो, त्यांच्या या दोन वाक्यांत सगळा विषय आला. पोछा निवडताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. जमीन कोणती आहे, आणि पुसणारे माणूस कोण आहे. आपण बहुधा तिसरीच गोष्ट पाहतो, ती म्हणजे जाहिरात.

आधी जमिनीचे पाहू. शेणाची जमीन पुसायची नसतेच, ती सारवायची असते, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘पोतेरे’ हा खास शब्द आहे. आपल्या अंकाच्या कानडी विभागातील मित्रांना येथे मौज वाटेल. मराठीत ‘सारवणे’, तर कानडीत ‘सारिसु’. जमीन सारवताना दोन्ही भाषांचे हात एकाच वाटीत बुडालेले दिसतात.

दगडी फरशीचा धर्म वेगळा. आपल्या भागातली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ओळखली जाते, तर माळव्यात घरोघरी दिसणारा कोटा शेजारच्या राजस्थानातून येतो. नावे निराळी असली तरी हे दोन्ही चुनखडीचेच दगड. खडबडीत शहाबादीला आधी खराटा किंवा ताठ केसांचा ब्रश लागतो, आणि मग जाड सुती फडके. मऊ धाग्यांचा झुपका तिच्यावर टिकत नाही. घोटून गुळगुळीत केलेल्या कोट्यावर मात्र तोच झुपका छान चालतो. एक पथ्य दोघांनाही सारखेच आहे. आम्ल लावायचे नाही. डाग जावा म्हणून लोक संडास धुण्याचे ॲसिड फरशीवर ओततात. फेस येतो, आणि डाग निघतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात फसफसत असतो तो दगडच. आत्याच्या स्वयंपाकघरात असाच एक ताटाएवढा निस्तेज चट्टा आहे, आणि तो आता कोणत्याही फडक्याने जाणार नाही. संगमरवराला आणि संगमरवराच्या चिपा घालून केलेल्या मोझेकलाही हाच नियम लागू आहे. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा नको.

व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही. जास्तीचे पाणी वरच राहते, त्यावर पाय घसरतो आणि वाळल्यावर पट्टे उरतात. तिला सपाट, घट्ट पिळलेले फडके हवे. मायक्रोफायबर येथे उत्तम. त्याचे पॉलिएस्टर-नायलॉनचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असल्यामुळे ते धूळ पकडून ठेवतात. पण धुताना त्यातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, हेही विसरू नये. हल्ली शहरांतून लाकडी किंवा लाकडासारखी जमीन करतात. पाण्याने ती फुगते, म्हणून तिला जेमतेम ओलसर फडकेच पुरे.

भैरवगढ़च्या छपाई करणाऱ्यांकडे पाहिले की हे शहाणपण नवे नाही हे कळते. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची, मग ते रंगात बुडवायचे. मेण असेल तेथे रंग चढत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटते. कापड काय पिते आणि काय पीत नाही, हे जाणल्याशिवाय तो कारागीर कापडाला हात लावत नाही. जमिनीवर मेणाचा थेंब सांडला तर त्यावर कोणी ओले फडके फिरवत नाही. मेण थंड होऊ देतात आणि खरवडून काढतात. वस्तूचा स्वभाव आधी, हत्यार नंतर. आपण घरात नेमके उलटे करतो.

आता पुसणाऱ्या माणसाकडे वळू. आमच्या आजीचे मत असे, की दांड्याच्या पोछ्याला बसून पुसण्याची सर नाही. कोपरे आणि कडा यांच्यापुरते ते खरेही आहे. पण या स्वच्छतेची किंमत गुडघ्यांनी मोजावी लागते. सतत गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या गुडघ्याच्या वाटीपुढची पिशवी सुजते. इंग्रजीत या दुखण्याचे नावच मुळी ‘मोलकरणीचा गुडघा’ असे आहे. ज्या दुखण्याला मोलकरणीचे नाव मिळाले, ते मालकाला किती वेळा झाले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. स्पेनमध्ये मॅन्युएल हालोन या विमान-अभियंत्याने 1956 साली दांड्याचा पोछा आणि तो पिळण्याची बादली बाजारात आणली. गुडघे टेकून फरशी घासणाऱ्या बायका त्यामुळे उभ्या राहिल्या. शोध लहान, पण माणसाला उभे करणारा!

मात्र दांडा आखूड असेल तर गुडघ्याचे दुखणे कमरेत जाते, इतकेच. दांडा जमिनीवर उभा धरला, तर तो पुसणाऱ्याच्या हनुवटीच्या आसपास यावा. म्हणून पोछा घेताना जो तो वापरणार त्यालाच दुकानात न्यावे, निदान विचारावे तरी. आपण चप्पल दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेतो का? घरातली आई पुसत असेल तर आईला विचारा, कामाच्या बाई पुसत असतील तर त्यांना विचारा. आणि मुलांनो, तुम्ही स्वतः महिनाभर पुसून पाहिलेत, तर विचारण्याचीही गरज उरणार नाही!

आत्याने शेवटी तसेच केले. बाईंना बरोबर घेऊन ती बाजारात गेली. त्यांनी दुकानातले सगळे दांडे स्वतःपुढे उभे करून पाहिले आणि एक साधा, लांब, आडव्या पट्टीचा दांडा निवडला. त्याला खालच्या फरशीसाठी जुन्या बाटिकच्या सुती चादरीचे फडके आणि माडीसाठी मायक्रोफायबरचे. झुपक्याच्या पोछ्यापेक्षा हे सगळे स्वस्तात पडले. ओसरीला ब्रश आहे, अंगणाला पोतेरे आहेच.

मी निघाले त्या दिवशी बाई माजघर पुसत होत्या, उभ्याने. फरशी स्वच्छ होतीच, ती आधीही असे. आमच्यापैकी कोणी आजवर पाहिले नव्हते, ते त्यांचे गुडघे.