साक्षीदार तिथलाच हवा

मसूद हुसैनी यांना 2012 साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले अफगाण छायाचित्रकार. 6 डिसेंबर 2011 रोजी, आशुऱ्याच्या दिवशी, काबूलमधल्या अबुल फझल दर्ग्याबाहेर शिया भाविकांच्या गर्दीत आत्मघाती स्फोट झाला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. एएफपी या वृत्तसंस्थेसाठी आशुऱ्याचा शोकविधी टिपायला हुसैनी त्याच गर्दीत उभे होते. धूर विरला तेव्हा मृतदेहांच्या मधोमध हिरव्या कपड्यांतली एक लहान मुलगी किंचाळत उभी होती. हुसैनींनी टिपलेलं तिचं छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि त्यालाच पुलित्झर मिळालं. योग्य वेळी योग्य जागी असण्याचं हे फळ, असं अशा पुरस्कारांबद्दल म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हुसैनी त्या जागी होते, कारण ते त्या शहराचेच होते. त्या चित्राची ताकद आणि त्यामागची जबाबदारी या दोन्हींचा उगम तिथल्या वास्तव्यात आहे, आणि म्हणून अशा स्थानिक साक्षीदाराला जपणं हे त्याची छायाचित्रं वापरणाऱ्या प्रत्येकाचं कर्तव्य ठरतं.

हुसैनी 1981 साली काबूलमध्ये जन्मले. ते तान्हे असतानाच कुटुंबाला युद्धामुळे इराण गाठावं लागलं आणि त्यांचं बालपण निर्वासित म्हणूनच गेलं. तालिबानची पहिली राजवट कोसळल्यावर 2002 मध्ये ते परतले. त्या राजवटीने सजीवांची छायाचित्रं काढण्यावर बंदी घातली होती. कॅमेरा चालायचा तो जवळपास ओळखपत्राच्या फोटोपुरताच. ती राजवट गेल्यावर रेझा देघाती या इराणी-फ्रेंच छायाचित्रकाराने स्थापन केलेल्या ‘आयना’ या संस्थेत तरुण अफगाणांना छायाचित्रण शिकवलं जाऊ लागलं. हुसैनी तिथे घडले. तालिबानच्या काळात चोरून चालणाऱ्या वर्गांत शिकलेल्या फरझाना वाहिदीही तिथेच घडल्या. त्याआधी अफगाणिस्तानचा चेहरा जगाला दिसे तो बहुतेक पाहुण्यांच्या नजरेतून. स्टीव्ह मॅकरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची मुलगी 1985 मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर झळकली, ती शरबत गुला आहे हे जगाला कळायला 2002 साल उजाडलं. हुसैनी मात्र आपल्या छायाचित्रातल्या मुलीच्या घरी पुन्हा गेले, तिच्या कुटुंबाला भेटले. ‘फ्रेम बाय फ्रेम’ या माहितीपटात ती भेट पाहायला मिळते. त्याच शहरात राहणाऱ्याला छायाचित्र पाठवून मोकळं होता येत नाही.

घरचा माणूस तटस्थ कसा राहील, असा आक्षेप इथे घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. अफगाण पत्रकारालाही जमात, पंथ, नातीगोती असतात. पण लष्करी तुकडीच्या गाडीतून फिरणारा परदेशी छायाचित्रकारही एका बाजूनेच युद्ध पाहत असतो. त्याचा पक्ष आपल्याला जाणवत नाही एवढंच. स्थानिक छायाचित्रकाराचं काम संपादक तपासतो, आणि ज्यांचं छायाचित्र घेतलं ते लोकही तपासतात. छायाचित्राखालची ओळ चुकली तर जाब विचारायला ते दारात येऊ शकतात. बाहेरच्यांचं धाडस यामुळे कमी ठरत नाही. आपले भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी 16 जुलै 2021 रोजी स्पिन बोल्डकमध्ये काम करतानाच मारले गेले. बाहेरचा डोळाही हवाच; मात्र केवळ त्याच्यावर एखाद्या देशाचा इतिहास सोपवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मुलीच्या आकांतावर पुरस्कार घ्यावा का? ते छायाचित्र नसतं तर आशुऱ्याचा तो संहार मृतांच्या आकड्यात जमा झाला असता, आणि शिया भाविकांना वेचून मारलं गेलं ही गोष्ट चार दिवसांत विसरली गेली असती. तरीही एवढ्याने आक्षेपाचं पूर्ण उत्तर होत नाही. दुःख छापण्याचा अधिकार त्या माणसाशी पुढेही नातं राखणाऱ्यालाच शोभतो, आणि ते नातं राखणं सर्वांत जास्त शक्य असतं ते तिथेच राहणाऱ्याला.

तिथेच राहण्याची किंमत या स्थानिक छायाचित्रकारांनी मोजली आहे. 1996 मध्ये एएफपीकडे चालक म्हणून लागलेले शाह मरई पुढे तिचे काबूलमधले मुख्य छायाचित्रकार झाले. 30 एप्रिल 2018 रोजी काबूलमधल्या एका स्फोटाचं वार्तांकन करायला जमलेल्या पत्रकारांनाच दुसऱ्या हल्लेखोराने लक्ष्य केलं; त्यात मरईंसह नऊ पत्रकार ठार झाले. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परतले आणि हुसैनींना पुन्हा देश सोडावा लागला. 2024 च्या कायद्याने सजीवांची छायाचित्रं प्रसिद्ध करण्यावर पुन्हा बंदी आली. ही छायाचित्रं आपली वर्तमानपत्रंही छापत आली आहेत, बरेचदा खाली केवळ वृत्तसंस्थेचं नाव देऊन. निदान छायाचित्रकाराचं नाव छापावं. वृत्तसंस्थांनी स्थानिकांना परदेशी सहकाऱ्यांइतकंच विम्याचं आणि सुटकेचं संरक्षण द्यावं. आपल्या सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले होते; संकटातल्या पत्रकारांसाठी तरी वेगळी, खुली वाट असावी. पुरस्कार एका छायाचित्राचा गौरव करतो. पुढची छायाचित्रं निघत राहावीत असं खरोखर वाटत असेल, तर ती काढणारा माणूस टिकेल याची सोय आपल्याला करावीच लागेल.