शासनाचे प्रोग्रॅमर घडवायचे कोणी?

म्हैसूरच्या ललित महाल रस्त्यावर कर्नाटक शासनाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. राज्याच्या सेवेत येणाऱ्या अधिकाऱ्यांना तेथे कायदे आणि कार्यालयीन कामकाजाचे धडे दिले जातात. याच शहरात हेब्बाळ औद्योगिक परिसरात इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल आहे. सप्टेंबर २००९ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन झाल्यावर एकाच वेळी सुमारे १४ हजार जणांना शिकविण्याची क्षमता तेथे निर्माण झाली. प्रशासन एकीकडे आणि प्रोग्रॅमिंग दुसरीकडे, अशी ही विभागणी एका शहरापुरती मर्यादित नाही. ती देशभरातील शासकीय संगणकीकरणाची अडचण आहे.

शासनाकडे स्वतःचे प्रोग्रॅमर नाहीत, असे मात्र नव्हे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तंत्रज्ञांनी कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पाची प्रणाली तयार केली आणि सुमारे दोन कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आले. महाराष्ट्रातील ई-फेरफार प्रणालीही याच केंद्राच्या पुण्यातील तंत्रज्ञांचे काम आहे. मात्र त्या पिढीचे शिक्षण प्रामुख्याने कार्यालयातील संगणकापुरते होते. आज तीच सेवा नागरिकाला मोबाईलवर हवी असते. त्यासाठी पडद्यावरील अर्ज, सर्व्हरवरील प्रोग्रॅम आणि माहितीचा साठा या तिन्ही थरांची जाण एकाच व्यक्तीला असावी लागते. यालाच संगणक क्षेत्रात ‘फुल-स्टॅक’ म्हणतात.

या जाणिवेचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. महाराष्ट्रात फेरफार नोंदीवर हरकत घेण्यासाठी हितसंबंधितांना नोटिशीनंतर १५ दिवसांची मुदत मिळते. ही अट केवळ पडद्यावरील अर्जात तपासली, तर सर्व्हरला थेट विनंती पाठवून ती टाळता येते. सर्व्हरवर तपासली, पण माहितीच्या साठ्यात तारखेची नोंदच नीट ठेवली नाही, तर वाद निर्माण झाल्यावर पुरावा उरत नाही. बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून परस्पर उतरले, तर तिच्या दृष्टीने ही तांत्रिक बाब राहत नाही. कायदा समजणारा अधिकारी आणि प्रोग्रॅम लिहिणारा कंत्राटी कर्मचारी यांच्यामधील जागा रिकामी राहिली, की असे दोष कोणाच्याच नजरेस पडत नाहीत.

बाहेरून काम करून घेण्याचा मार्गही निर्धोक ठरलेला नाही. इन्फोसिसने तयार केलेले प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि अडचणींमुळे ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाचारण करावे लागले. अमेरिकेतही ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्य विम्याचे संकेतस्थळ सुरू होताच कोलमडले होते. काम बाहेर द्यावेच लागेल. पण ते तपासून स्वीकारणारा जाणकार शासनाच्या पगारपत्रकावर असणे आवश्यक आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ने कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच उपलब्ध करून दिला. संगणकाची तोंडओळख करून देण्यास तो उपयुक्त आहे. प्रोग्रॅमर मात्र व्याख्याने ऐकून तयार होत नाही. त्याला काही महिने सलग सराव, चुका दाखविणारा अनुभवी सहकारी आणि प्रत्यक्ष वापरातील प्रणाली लागते. खासगी कंपन्या नवोदितांना महिनोन्महिने शिकवितात ते याचसाठी. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलावी असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने अंतर्गत परीक्षेत तीन संधींनंतरही अनुत्तीर्ण ठरलेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना म्हैसूरच्या संकुलातून कमी केले आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्य शासनाला लक्ष घालण्यास सांगितले.

शासनापुढील प्रश्न परीक्षेपेक्षा त्यानंतरच्या नेमणुकीचा आहे. शिकून आलेल्या प्रोग्रॅमरला पुन्हा आकडेवारीचे तक्ते भरण्यास बसविले, तर वर्षभरात विद्या गंजते. तंत्रज्ञ म्हणूनच बढती मिळण्याची सोय नसेल, तर हुशार माणूस खासगी क्षेत्राची वाट धरतो. म्हैसूरच्या प्रशासकीय संस्थेसारख्या ठिकाणी महसूल अधिकाऱ्यांच्या वर्गात प्रोग्रॅमरलाही बसविण्यास मोठा खर्च येणार नाही. नोटिशीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे त्याला तेथेच विचारता येईल.