प्लॅन कशाला वाढवता, राऊटर हलवा!

लातूरहून मावशीचा फोन. "नेट लई अडकायलंय रे. इंटरनेटवाला म्हणतोय २०० चा प्लॅन घ्या." झालं! दिवा कपाटात ठेवायचा आणि अंधार पडला म्हणून मीटर मोठं बसवायचं, त्यातला प्रकार.

शनिवारी नांदेडहून जाऊन बघितलं. राऊटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून! लॅपटॉपला केबल लावली. १०० एमबीपीएसचा प्लॅन, मिळाले ९४. म्हणजे फायबर ठणठणीत, घोळ वायफायचा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडे स्लॅब-कॉलमची घरं वाढली. चांगलंच झालं, पण सळईचं काँक्रीट वायफायला जड जातं. त्यात शेजारपाजारचे सगळे राऊटर २.४ गिगाहर्ट्झवर, आणि तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६, ११. सगळी गर्दी ६ वर. प्लॅन वाढवून यातलं काय बदलणार, कप्पाळ?

राऊटर हॉलच्या मधोमध उंचावर ठेवला, चॅनल ११ केला, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाकला. आता मावशी स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल करते. प्लॅन तोच.

तेव्हा राव, पैसे भरण्याआधी एकदा केबल लावून स्पीड बघा. केबलवरही मिळत नसेल, तर मात्र इंटरनेटवाल्याला सोडू नका.