समुद्रतळाचा धनी कोण?

समुद्राच्या पाण्यावर मालकी सांगणाऱ्यास जग वेड्यात काढते. पण त्याच पाण्याखाली तेल लागले की शहाणी सरकारेही कोर्टाची पायरी चढतात. अमेरिकेचे मध्यवर्ती सरकार आणि किनाऱ्यावरील राज्ये यांचा झगडा हा त्याचा बोलका दाखला होय. परराष्ट्रव्यवहार व संरक्षणाचा भार ज्याच्या शिरी, त्याचाच किनाऱ्यालगतच्या सागरतळावर श्रेष्ठ अधिकार, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली कॅलिफोर्नियाविरुद्ध दिला. १९५० साली लुइझियाना व टेक्सास यांचीही तीच गत झाली. आपण एकेकाळी स्वतंत्र प्रजासत्ताक होतो, हा टेक्सासचा युक्तिवादही टिकला नाही.

कोर्टात गमावलेले राज्यांनी कायदेमंडळात मिळवले. अध्यक्ष ट्रूमन यांनी दोनदा नाकारलेल्या तरतुदीवर आयसेनहॉवर यांनी १९५३ साली सही केली आणि तीन सागरी मैलांपर्यंतचा तळ राज्यांकडे गेला. मेक्सिकोच्या आखातात मात्र जुनी हद्द सिद्ध करील त्यास नऊ मैल! १९६० साली ही सवलत टेक्सास व फ्लॉरिडा यांच्या पदरात पडली. लुइझियाना तीन मैलांवरच राहिले.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मालक कोण, हे न्यायालय सांगू शकते. वाटा किती, हे त्याला सांगता येत नाही. २०१० साली केंद्राच्या हद्दीतील विहीर फुटली, तेव्हा तिचे तेल लुइझियानाच्या किनाऱ्यावर आले. तेलाने मैलांच्या रेघा पाहिल्या नाहीत. २००६ च्या कायद्याने आखातातील काही क्षेत्रांच्या उत्पन्नाचा साडेसदतीस टक्के हिस्सा चार राज्यांना देऊ केला, तो याच न्यायाने.

आपल्या घटनेने २९७ व्या कलमात सागरतळाची संपत्ती प्रथमपासूनच केंद्राकडे सोपवली, म्हणून आपल्याकडे असा खटला उभा राहिला नाही. हे शहाणपणाचेच झाले. परंतु वाद टळला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. आसाम व गुजरात यांना आपल्या जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन मिळते. १९७४ साली मुंबईसमोरच्या समुद्रात लागलेल्या तेलाचे स्वामित्वधन मात्र केंद्राच्या तिजोरीत जाते. समुद्र साऱ्या देशाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण तेलगळती झालीच, तर तिचा पहिला तडाखा ज्या कोळ्यांच्या जाळ्यांना बसायचा, ते किनाऱ्यावरच राहतात. मालकी केंद्राची राहो. किनाऱ्याचा वाटा मात्र संसदेने कायद्याने ठरवावा. औदार्य म्हणून नव्हे, न्याय म्हणून!