ज्वालामुखीच्या उबेला ठेवलेली अंडी

मासळी बाजारात पाकट ओळखायला वेळ लागत नाही. पापलेट, सुरमई, बांगडे ओळीनं मांडलेले असतात आणि एका कडेला ते पसरलेलं असतं. अंगानं चपटं, ताटाएवढं किंवा परातीएवढं, शेपटी बहुधा आधीच छाटलेली. घरी आणलं आणि शिजवायला उशीर झाला की नाक धरायची वेळ येते, कारण त्याच्या मांसात मुळातच युरिया असतो आणि मासा मेल्यावर त्याचा अमोनिया होऊ लागतो. आवडणारे आवडीनं खातात, बाकीचे पुढच्या पाटीकडे वळतात.

या पाकटाचे काही भाऊबंद समुद्रात फार खोल राहतात. त्यांना इंग्रजीत स्केट म्हणतात. दिसायला तसेच चपटे, पंखांसारखे पर पसरून तळालगत तरंगणारे, पण एक मोठा फरक आहे. आपल्या किनाऱ्यावर मिळणारं काटेरी शेपटीचं पाकट पिलांना जन्म देतं, तर स्केट अंडी घालतो. अंडं म्हणजे कोंबडीच्या अंड्यासारखं नव्हे. चामड्यासारख्या कडक आवरणाची ती एक चौकोनी थैली असते आणि तिच्या चारही कोपऱ्यांना शिंगं असतात. युरोपात किनाऱ्यावर वाहून आलेल्या रिकाम्या थैल्यांना लोक मत्स्यकन्येची थैली म्हणत आले आहेत. बहुतेक जातींत एका थैलीत एकच पिल्लू असतं.

खोल पाण्यातले हे स्केट शास्त्रज्ञांना माहीत नव्हते असं नाही. त्यांना नावं होती, संग्रहालयांत बरण्या होत्या. पण ते माहीत होते आपल्याला बाजारातलं पाकट माहीत असतं तसेच, म्हणजे मेलेले. जाळं तळावरून खरवडत न्यायचं, तास-दोन तासांनी वर ओढायचं आणि त्यात चिखल, दगड, खेकडे यांच्याबरोबर चेंगरून आलेला मासा धुऊन मोजायचा. तो कुठे बसला होता, काय करत होता, अंडी कुठे ठेवून आला होता, हे जाळं सांगू शकत नाही.

या गोष्टीत विल्यम बीब या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाचं नाव मोठ्या योगायोगानं येतं. १९३४ सालच्या ऑगस्टमध्ये बर्म्युडा बेटांजवळ बीब आणि त्याचा सहकारी ओटिस बार्टन एका पोलादी गोळ्यात बसले. तो गोळा पोलादी दोराला टांगून ९२३ मीटर खाली सोडण्यात आला. इतक्या खोलवर जाऊन जिवंत जलचर डोळ्यांनी पाहणारी ती पहिलीच माणसं. छोट्याशा खिडकीतून जे दिसेल ते बीब टेलिफोनवरून वरच्या बोटीला सांगत होता. पुढे १९४१ मध्ये याच बीबनं जॉन टी-व्हॅन याच्यासोबत पूर्व पॅसिफिकमधल्या एका खोल पाण्यातल्या स्केटचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावात ‘अतिशय काटेरी’ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. आज तो बॅथिराजा स्पिनोसिसिमा किंवा पॅसिफिकचा पांढरा स्केट म्हणून ओळखला जातो. जिवंत मासा पाहण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसानंही या माशाचं वर्णन केलं ते मृत नमुन्यावरूनच! दुसरा उपायच नव्हता.

तो उपाय पुढच्या पिढ्यांनी काढला. दोर ठेवला, पण गोळ्यातला माणूस काढून बोटीवर बसवला. खाली जातं ते दूरनियंत्रित यान. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आर.ओ.व्ही. म्हणतात. दिसायला ते अगदी बेढब. धातूची चौकट, तिच्यात ठासून भरलेली यंत्रं, चहूबाजूंनी पंखे, समोर दिवे आणि कॅमेरे, दोन यांत्रिक हात आणि डोक्यावर खास फेसाचा ठोकळा. हा ठोकळा असतो म्हणून एवढं धूड पाण्यात धड बुडत नाही, धड तरंगत नाही, सोडाल तिथे स्थिर राहतं. वरून येणाऱ्या केबलमधून वीज खाली जाते आणि काचतंतूंवरून चित्र वर येतं. दीड हजार मीटर उतरायलाच तासभर जातो. तिथे दाब इतका, की टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेवर एखाद्या छोट्या मोटारगाडीचं ओझं पडावं.

बोट लाटांवर वर-खाली होते, मग केबलला बांधलेलं यानही हिसके खाणार नाही का? ‘नॉटिलस’ या जहाजावर यासाठी दोन यानं वापरतात. जहाजाच्या केबलला ‘आर्गस’ नावाचं वजनदार यान टांगलेलं असे, ते सगळे हिसके सोसत असे. त्याला सैल दोरीनं जोडलेलं ‘हर्क्युलिस’ निवांतपणे काम करत असे. मोठा भाऊ धक्के खातो आणि धाकटा चित्रं काढतो, तसलाच प्रकार. टायटॅनिकचा सांगाडा शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांच्या संस्थेचं हे जहाज. जहाजावरच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर पाळीपाळीनं चालक आणि शास्त्रज्ञ बसतात आणि तेच चित्र उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञांनाही त्याच क्षणी दिसतं. पडद्यावर लेसरचे दोन ठिपके दिसत राहतात. त्यांच्यातलं अंतर पक्कं ठाऊक असल्यामुळे समोरचा मासा किती मोठा हे त्याला हात न लावता कळतं.

२०१५ च्या जूनमध्ये ‘हर्क्युलिस’ गालापागोस बेटांच्या समुद्रात उतरलं. जागा होती डार्विन बेटाच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, खोली साडेसोळाशे मीटरच्या आसपास. इथे समुद्रतळाला भेगा आहेत. आत झिरपलेलं पाणी भूगर्भातल्या उष्णतेनं तापतं आणि विरघळलेली खनिजं घेऊन उसळत वर येतं. थंड पाणी लागताच खनिजं साकळतात, त्यांची धुराडी तयार होतात आणि त्यांतून काळा धूर निघाल्यासारखा दिसतो. अशी उष्णोदकाची तोंडं जगात पहिल्यांदा सापडली तीही गालापागोसजवळच्याच तळावर, १९७७ साली. त्यांच्याभोवतीचे नळीकृमी आणि शिंपले यांच्याबद्दल तेव्हापासून पुष्कळ लिहिलं गेलं. मासे तिथे अंडी उबवायला येत असतील, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

कॅमेऱ्याला दिसल्या त्या थैल्या. एक नाही, दोन नाहीत, मोजून १५७. यांत्रिक हातानं चार अलगद उचलून वर आणल्या, डी.एन.ए. तपासला. त्या बीबच्या काटेरी स्केटच्या निघाल्या. पण खरी बातमी मोजमापात होती. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५८ टक्के थैल्या धुराड्यांपासून २० मीटरच्या आत होत्या. आणि ८९ टक्के थैल्या जिथे पाणी आजूबाजूपेक्षा उबदार होतं तिथे ठेवलेल्या होत्या. त्या खोलीवरचं पाणी एरवी तीन अंशांच्याही खाली असतं. माद्यांनी शेकोटीजवळची जागा शोधून काढली होती, असंच म्हणायला हवं. चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राचे पेलायो सालिनास दे लेओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोध २०१८ मध्ये प्रसिद्ध केला.

ही ऊब कशासाठी, ते समजायला अंड्याचा हिशेब पाहावा लागतो. थंडीत सगळं हळू चालतं, अंड्यातल्या पिलाची वाढसुद्धा. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या एका स्केटचं अंडं फुटायला सुमारे साडेतीन वर्षं लागतात, हे २००८ मध्येच दाखवून दिलं गेलं होतं. पांढऱ्या स्केटला आणखी जास्त, चार वर्षांच्या पुढे लागत असावीत असा अंदाज आहे. आपल्याकडे कोंबडी एकवीस दिवस बसते तर घरातली माणसं कंटाळतात! इथे तर आई अंडं ठेवून निघूनही जाते. चार वर्षं ते एकटंच पडून. आतलं पिल्लू थैलीच्या शिंगांतल्या फटींतून शेपटी हलवत ताजं पाणी आत खेळवत राहतं. बाहेर शंखातल्या गोगलगाई टपलेल्या असतात, त्या आवरणाला भोक पाडून आतला बलक शोषतात. अशा वेळी पाणी एखाद्या अंशानं जरी उबदार मिळालं तरी थैलीतला मुक्काम कमी होतो, आणि पिलाच्या दृष्टीनं ती लहान गोष्ट नव्हे.

ज्वालामुखीच्या उबेवर अंडी उबवणारे प्राणी फार थोडे. टोंगा देशातला एक पक्षी ज्वालामुखीच्या गरम मातीत अंडी पुरतो. लांब मानेच्या काही डायनोसॉरांनीही तशी घरटी केल्याच्या खुणा सापडल्या आहेत. समुद्रातल्या प्राण्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

दुसरं उदाहरण मिळालं ते कित्येक हजार किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडे. तिथल्या समुद्राखालचा एक डोंगर तळापासून ११०० मीटर उंच आहे, पण त्याचं शिखरसुद्धा पाण्याखाली दीड किलोमीटरवर. तो थंड, विझलेला ज्वालामुखी असावा अशी समजूत होती. २०१९ मध्ये यान उतरलं तर तो उबदार निघाला आणि शिखरावर प्रवाळांच्या मधोमध याच पांढऱ्या स्केटची अंडी. शेरीस द्यु प्रे यांच्या नेतृत्वाखाली २०२३ च्या जुलैत तिथे पुन्हा मोहीम गेली, तेव्हा अंड्यांचा अंदाज लाखांच्या घरात गेला. गालापागोसच्या १५७ थैल्यांपुढे हा आकडा वाचून माझाही विश्वास बसेना. एका डोंगरमाथ्यावर लाखो पाळणे!

यंत्राच्या डोळ्यालाही मर्यादा आहेत, हे सांगायला हवं. कॅमेरा बहुधा माशाची पाठ पाहतो, आणि स्केटच्या जाती ओळखायला काही वेळा पोटाचा रंग आणि काट्यांची रांग बारकाईनं पाहावी लागते. पडद्यावरचा मासा नक्की कोणता, यावर जाणकारांतही वाद होतात. शिवाय जन्मभर काळोखात राहिलेल्या माशासमोर अचानक प्रखर दिवे आणि पंख्यांची घरघर येते. काही पळतात, काही कुतूहलानं जवळ येतात. स्केटला तर विजेचे अतिसूक्ष्म झोतही जाणवतात, भक्ष्य तो त्यावरूनच हुडकतो. विजेवर चालणारं हे धूड त्याला काय वाटत असेल कोण जाणे! त्यामुळे यानाला दिसला नाही म्हणजे मासा तिथे नव्हता, असं शास्त्रज्ञ धरत नाहीत. तरीही जाळ्याच्या तुलनेत हा डोळा कितीतरी बरा. तो पाहतो आणि पाहिलेलं तिथेच ठेवून येतो.

आणि तो नसता तर या पाळणाघरांचा पत्ता बहुधा उशिरा लागला असता, तोही तळ खरवडणाऱ्या जाळ्यात थैल्यांचा ढीग आल्यावर. जाळ्याच्या एका फेरीत चार-चार वर्षांची अंडी एकदम जातात. अलास्काजवळच्या अशा जागा नकाशावर आल्यावर त्यातल्या सहा जागांना तिथल्या मत्स्यव्यवसायाच्या नियमांत विशेष महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदवण्यात आलं. गालापागोसची अंडी सागरी अभयारण्यात आहेत. कॅनडानं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेचा सव्वा लाख चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र २०२४ मध्ये संरक्षित केला.

आता आपल्या दाराशी. उष्णोदकाच्या धुराड्यांत साकळणाऱ्या खनिजांत तांबं, जस्त, कधी सोनं-चांदीही असतं. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून भारतानं २०१६ मध्ये हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा हक्क घेतला. शोधाचा, खणण्याचा नव्हे. व्यापारी खाणकामाला प्राधिकरणानं २०२५ पर्यंत कुणालाच परवाना दिलेला नव्हता. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेकडे सहा हजार मीटरपर्यंत जाण्याच्या क्षमतेचं दूरनियंत्रित यान आहे. २०१० मध्ये ते पाच हजार मीटरहून खोल उतरलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये या संस्थेनं गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्राबरोबर हिंदी महासागरात साडेचार हजार मीटरवरच्या एका जिवंत धुराड्याचं चित्र मिळवलं. भारतासाठी तो पहिलाच प्रसंग.

त्या खोलीवर स्केट भेटण्याची शक्यता फार थोडी. मुशी आणि पाकटांचं कूळ साधारण तीन हजार मीटरच्या खाली जवळजवळ नाहीसं होतं. त्याचं एक कारण त्या वासाच्या युरियाशी जोडलेलं आहे. खोल जाताना दाब सोसण्यासाठी हे मासे युरिया कमी करून दुसरं एक रसायन अंगात वाढवत नेतात, आणि एका खोलीनंतर ते वाढवायला वाव उरत नाही. पण समुद्रातल्या पर्वतरांगा सगळीकडे सारख्याच खोल नसतात. उंच माथे असतात, उबदार उतार असतात. तांबं-जस्त शोधायला उतरणारं यान त्या उतारांवरून जाताना कॅमेरा चालूच ठेवणार. त्यात चौकोनी थैल्या दिसतात का, हे पाहायला एखादा मासेतज्ज्ञही पडद्यासमोर बसवावा असं मला वाटतं. त्याला वेगळा खर्च तो किती?

कॅनडाच्या त्या डोंगरावर २०२३ च्या जुलैत एखाद्या मादीनं नुकतीच थैली ठेवली असेल, तर चार वर्षांच्या हिशेबानं तिच्यातल्या पिलाची बाहेर पडायची वेळ २०२७ च्या आसपास येते. उबेमुळे थोडी आधीही येईल.